माजघरातली भिंत

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली तालुक्यातलं आमचं घर निम्मं उघडं पडलं. पावसाळा ताडपत्रीखाली काढला. दिवाळी सरल्यावर मुंबईचे चुलतभाऊ, पुण्याचे भाचे येऊन दाखल झाले. "पाडायचं म्हणू नका रे, उतरवायचं म्हणा," आत्यानं बजावलं.

कौलं हातोहात खाली आली. मग रिपा, मग वासे. घर बांधायला पैसा लागतो, उतरवायला मात्र आपली माणसंच हवीत!

शेवटी माजघरातली भिंत उरली. मी चौथीत असताना वडील आणि काका वेगळे झाले, तेव्हा ती घातलेली. अलीकडे आमची चूल, पलीकडे त्यांची. पहार घ्यायला कुणी पुढं होईना. अखेर ऐंशी उलटलेले काकाच उठले. "दादाला विचारून घातली होती. आता विचारू कुणाला?" एवढंच बोलून त्यांनी पहिला घाव घातला आणि पहार माझ्या हाती दिली.

नवं घर जुन्याच जोत्यावर उभं आहे. त्या भिंतीचे चिरे तुळशीवृंदावनाला लागले. माजघर एवढं ऐसपैस झालंय, की आत्याला आता एकच चिंता: एवढ्या पंगतीला पुरेल असं पातेलं आणायचं कुठून?