हा मेक्सिकन पास्ता की वरणफळं?

अकोला असो की अमरावती, सुट्टीत घरी आलेली पुण्या-मुंबईची ऑफिसवाली मंडळी आईच्या किचनमध्ये हमखास एक प्रयोग करतात. मेक्सिकन पास्ता, तोही एकाच कढईत! कांदा, टोमॅटो, सिमला मिरची परता. जिरं, तिखट, मक्याचे दाणे आणि शिजवलेला राजमा घाला. मग कोरडा पास्ता टाकून तो बुडेल एवढं गरम पाणी ओता आणि झाकण ठेवा. पाणी ओतून द्यायचं नाही हं. पास्त्याचा स्टार्च त्यातच उतरतो, सॉस आपोआप दाटतो. वरून लिंबू.

आई डोकावते. ‘हे तं वरनफयंच झाले नं बाप्पा!’ (वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो.)

खरंच की. अकोल्याच्या डाळ मिलमधली तूरडाळ, तिच्या उकळत्या वरणात कणकेच्या चकत्या. वरण घट्ट होतं ते त्याच स्टार्चनं. भाजी नसली तरी एका भांड्यात सगळ्यांचं जेवण. आणि मेक्सिकोचं म्हणाल, तर फोडणीतली मिरची मूळची तिथलीच. पोर्तुगीज १४९८ मध्ये आले, त्यानंतर ती इकडे पोचली.

तेव्हा पुण्याच्या फ्लॅटवर रात्री पास्त्याचं पाकीट रिकामं निघालं, तर पिझ्झा मागवू नका. डब्यात कणीक असेलच. लसणाची फोडणी जरा सढळ हातानं द्या, वरून तूप.