आमटीपुरता कढीपत्ता

आमच्या परड्यात कढीपत्त्याचं एकच झाड आहे आणि त्याच्यावर दोघांचा हक्क आहे. एक आईचा, दुसरा सुरवंटांचा. तिसरा मी, पण मी पानं तोडत नाही, नुसते फोटो काढतो, म्हणून मला कुणी मोजत नाही. "त्या तुझ्या पाहुण्यांना सांग," आई म्हणते, "आमटीपुरता तरी ठेवा म्हणावं."

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, साताऱ्यात, आमचं जुनं घर. मागं दहा पावलं लांब नि सात पावलं रुंद परडं. कढीपत्ता, कागदी लिंबू, जास्वंद, तगर, एक तुळस. निवृत्त झालो त्या महिन्यात मोठ्या लेन्सची किंमत विचारून आलो आणि दुकानातून गुपचूप बाहेर पडलो. पक्ष्याचा फोटो पैशानं निघतो, किड्याचा गुडघ्यांनी. माझ्याकडे गुडघे होते, तेही निम्मेच चालणारे. जुन्या लेन्सला रिव्हर्स रिंग लावून ती कॅमेऱ्यावर उलटी बसवली, फ्लॅशवर धुतलेली दुधाची पिशवी रबरबँडनं ताणली. झालं काम. मात्र उलट्या लेन्सचा फोकस तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढाही नसतो. श्वास घेतला की डोळे गेले, मिशा आल्या.

कढीपत्त्यावर येतं ते लाइम बटरफ्लाय, पिवळट-काळ्या नक्षीचं. मादी कोवळ्या शेंड्यांवर सुटंसुटं अंडं ठेवत जाते, खसखशीएवढं, फिकट पिवळं. सुरवंट पहिले काही दिवस पाखराच्या शिटेसारखा दिसतो, काळा-पांढरा, ओलसर. शीट कोण खाणार? मग कात टाकता टाकता एक दिवस तो हिरवागार होऊन बसतो. काडीनं जरा डिवचलं की डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग काढतो आणि उग्र वास सोडतो. शेजारच्या लिंबावर नीलवंत फुलपाखराची मादीही येते. २०१५ साली त्याला महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू केलं, पण सरकारी मान मिळाला म्हणून त्याचे सुरवंट काही पानं कमी खात नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आषाढात मला फुलपाखरू कोषातून बाहेर पडतानाचा फोटो हवा होता. एक कोष कढीपत्त्याच्या फांदीला कमरेत रेशमाचा दोर बांधून टेकलेला. आठ-दहा दिवसांत हा उघडतो, उघडायच्या आधी काळपट होतो, आतले पंख दिसू लागतात. दहावा दिवस गेला, बारावा गेला. पंख दिसेनात. कोष नुसता तपकिरी, वाळल्या शेंगेसारखा. पंधराव्या दिवशी सकाळी त्याला टाचणीनं टोचावं तसं भोक पडलं, आणि बाहेर आली ती हिरवट चमकणारी एक माशी, तिळाहून लहान. गांधीलमाशीच्या गोतातली, पण हिला पोळं नाही, फुलपाखराचा ताजा कोष हेच हिचं बाळंतघर. तिच्यामागून दुसरी, तिसरी. बेचाळीसपर्यंत मोजल्या, मग सोडून दिलं. सुरवंटाला पंधरवडाभर मी पाहत होतो आणि त्याच्या जागी तो नव्हताच.

"कढीपत्ता वाचला म्हणायचा," आई मागून म्हणाली.

फोटो मी काढले. चांगले आले. आपण कुणाची बाजू घ्यायची नाही, असं त्या दिवशी ठरवलं. आई आमटीच्या बाजूनं आहे, माशी तिच्या पोरांच्या. कॅमेऱ्यामागच्या माणसानं गप्प बसावं.

अश्विनात या निश्चयाचा उपयोगही झाला. दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूवर एक मधमाशी फार शहाण्यासारखी स्थिर बसली होती. पंचवीसेक फोटो झाले तरी हलेना, म्हणून खूश होतो. रात्री पडद्यावर मोठं करून पाहिलं, तर पाकळीच्या रंगाचाच एक पिवळा खेकडा-कोळी तिची मान धरून होता. बाकीचे कोळी आपल्याच कामात असतात. भिंतीवरचा उड्या मारणारा तेवढा वळून बघतो, पुढचे दोन मोठे डोळे थेट लेन्सवर रोखून. याच्याच कुळातल्या, ठाण्याकडे सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात अतिरेक्यावर झेप घेऊन शहीद झालेले हे पोलीस आमच्याच जिल्ह्यातले, जावळीतल्या केडंब्याचे. ज्याची झेप नावाजली जाते त्याच कोळ्याला हे नाव मिळालं, हे मला फार योग्य वाटतं.

आता महिने कळायला मला भिंतीवरचं कॅलेंडर लागत नाही. मातीत लाल मखमलीचा ठिपका चालू लागला की मृग. लहानपणी काडेपेटीत कोंडलेल्या या मृगाच्या किड्याचे पाय मी साठीत मोजले, आठ निघाले. म्हणजे तो किडा नव्हेच, कोळ्यांच्या भावकीतला. पाऊस ओसरताना परड्यावर पिवळसर चतुरांचे थवे गिरक्या घेतात. त्यांच्यातले काही समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात, आणि पावसाआधी तिकडूनच आलेला चातकही त्या सुमारास परतीला लागतो. दिवाळीत मळकट कपड्यांत फिरणारा शिंजीर माघापर्यंत जांभळा-काळा झळाळू लागतो. त्याच्यासाठी मला मोठी लेन्स लागत नाही, जास्वंदीवर तो हाताच्या अंतरावर येतो.

त्याच जास्वंदीत दोन वर्षांपूर्वी वैशाखात बुलबुलनं घरटं केलं होतं. तीन पिल्लं. एक पानाळ फांदी नेमकी मध्ये येत होती, ती मी सुतळीनं ओढून कुंपणाच्या खिळ्याला बांधली. फोटो आजवरचा सर्वांत उत्तम: तीन उघड्या चोची, आतून लालभडक, वरून स्वच्छ ऊन. त्या नादात सुतळी सोडायची राहिली. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. कावळ्यानं नेली की भारद्वाजानं, पाहिलं नाही. बुलबुल चोचीत नाकतोडा धरून दुपारपर्यंत वायरवर बसून होता.

त्या माशीला कोष सापडला तो तिच्या हुशारीनं. इथं पानांचा पडदा मी दूर करून दिला होता. बाजू घेत नाही म्हणणाऱ्या माणसानं फांदी बाजूला बांधून ठेवली होती. आई काही बोलली नाही. पूजेला जास्वंद तिला लागतेच, पण त्या आठवड्यात तिनं रोज तगरीचीच फुलं तोडली.

घरट्याच्या वाटेला मी त्यानंतर गेलो नाही. खिळ्याची सुतळी तशीच आहे, पावसानं काळी पडलेली. कुणी घरट्याचे फोटो कौतुकानं दाखवू लागलं की मी आधी आजूबाजूच्या फांद्या बघतो, कापल्या आहेत का, वाकवल्या आहेत का. तुम्हीही बघा.

काल रात्री मृगाची पहिली सर येऊन गेली. सकाळी कढीपत्त्याच्या नव्या शेंड्यांवर पाच अंडी मोजली. आईला अजून सांगितलेलं नाही.