रॉकेटचे भाग आपल्या तालुक्यात, मग आपल्या पोरांची इंटर्नशिप कागदावर का?

पोस्ट जरा मोठी आहे, पण ज्यांच्या घरात इंजिनिअरिंगला पोरगं-पोरगी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मी इंदापूर तालुक्यातला, बारामतीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. यंदा उन्हाळ्यात सहा आठवडे उपग्रहांचे थ्रस्टर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप केली. गावात सगळे विचारतात, "रॉकेट उडवलं का रे?" नाही. रॉकेट उपग्रहाला वर नेऊन सोडतं. पुढे त्याला कक्षेत ठेवणं, त्याचं तोंड वळवणं हे काम थ्रस्टरचं. चांद्रयान-३ च्या लँडरला उतरण्यासाठी ८०० न्यूटनची चार इंजिनं होती आणि तोल सांभाळायला ५८ न्यूटनचे आठ छोटे थ्रस्टर. आमचा थ्रस्टर १ न्यूटनचा. म्हणजे तळहातावर मध्यम कांदा ठेवल्यावर जेवढा भार जाणवतो, तेवढाच त्याचा जोर.

उपग्रहात वर्षानुवर्षं हायड्राझिन वापरतात. ते फार विषारी, म्हणून जगभर पर्याय शोधणं चालू आहे. आमच्याकडे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखमेवर फेसाळतं तेच, पण मेडिकलमधलं ३ ते ६ टक्क्यांचं आणि हे ९० टक्क्यांच्या आसपास. उत्प्रेरकावरून गेलं की त्याची वाफ आणि ऑक्सिजन होतो, तापमान ७०० अंशांच्या वर जातं.

चाचणी काही सेकंदांची, तयारी चार-चार दिवसांची. नळ्या साफ करायच्या, हेलियम भरून गळती शोधायची, प्रेशर सेन्सर तपासायचे. नळीत तेलाचा अंश राहिला तर पेरॉक्साइड तिथेच भडकू शकतं. पुस्तकात 'स्वच्छता' हा एक शब्द असतो, तिथे त्याला अख्खा दिवस लागतो.

आता मुद्द्याचं बोलतो.

आपल्या वालचंदनगरात पीएसएलव्हीसारख्या रॉकेटांची मोटर केसिंग अनेक दशकं बनतायत. चांद्रयान-३ ला घेऊन गेलेल्या रॉकेटच्या एस-२०० बूस्टरचे भागही तिथलेच. जाड पोलादाचं वेल्डिंग, एक्स-रेने जोड तपासणं, ही कामं जाणणारी माणसं आपल्या शेजारी राहतात. आणि आपली पोरं काय करतात? हजार-दोन हजार भरून ऑनलाइन सर्टिफिकेट घेतात. कॉलेजला कागद मिळतो, पोराच्या हाताला काहीच लागत नाही.

यात पोरांचा दोष नाही. माझा राहण्या-खाण्याचा खर्च घरच्यांनी उसाच्या बिलातून काढला. माझ्यापेक्षा हुशार एका मित्राला हे जमलं नाही. सहा आठवडे घरची दुधाची जनावरं कोण बघणार?

म्हणून मागणं तीनच. एक, दोन्ही तालुक्यांतल्या कारखान्यांनी दरवर्षी इथल्या डिग्री, डिप्लोमा, आयटीआयच्या पोरांसाठी ठरावीक जागा जाहीर कराव्यात. दोन, बाहेर जाणाऱ्याला निदान खोलीभाड्याएवढा स्टायपेंड मिळावा. तीन, कॉलेजांनी सर्टिफिकेट बघून नाही, तर पोराने काय मोजलं, काय जोडलं हे विचारून मार्क द्यावेत.

नेतेमंडळी, संस्थाचालक, उद्योजक, तुमच्यापैकी कोणी वाचत असेल तर एवढं मनावर घ्या. चांद्रयान उतरलं त्या दिवशी, २३ ऑगस्ट २०२३ ला, आपल्याकडे पेढे वाटले गेले. आता त्या कामात आपल्या पोरांचे हात लागू द्या.

पटलं तर शेअर करा. कुणाला इंटर्नशिपबद्दल विचारायचं असेल तर बिनधास्त मेसेज करा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.