दुरुस्त झालेली चूक

शेरी मगी हा फिलाडेल्फियाचा बेसबॉल खेळाडू. १९१० साली नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक फलंदाजी सरासरी त्याची होती. आज मात्र त्याचं नाव निघतं ते स्पेलिंगवरून. त्या सुमारास अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत घालायला बेसबॉलपटूंची रंगीत कार्डं काढली होती. मगीच्या कार्डावर आडनावाचं चौथं अक्षर चुकलं. ‘ई’च्या जागी ‘आय’ पडलं. कुणाच्या तरी ते ध्यानात आलं, दुरुस्ती झाली आणि छपाई पुढे सुरू राहिली. तोवर जी चुकलेली कार्डं सुटून गेली होती, ती आज हजारो डॉलरना जातात. दुरुस्त कार्ड मात्र माझ्यासारख्यालाही परवडतं.

न्यू जर्सीत आल्यावर मी या नादाला लागलो तो काही खेळाच्या प्रेमाने नाही. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल तसा रुचतच नाही, उगाच कशाला खोटं बोला. मला भूल पडली ती छपाईची. मगीचं कार्ड ज्या मालिकेतलं, तिला संग्राहक ‘टी-२०६’ म्हणतात. ती रंगीत शिळाछपाईची पैदास, म्हणजे आपल्या मळवलीच्या छापखान्यातून निघालेल्या रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतींच्याच घराण्यातली. एकेका रंगाचा ठसा एकावर एक उमटवत चित्र पुरं करायचं. एखादा रंग द्यायचा राहिला तर गडी फिकुटलेला दिसतो. ठसा केसभर सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जातो.

टी-२०६ची खरी मजा पाठीवर आहे. पुढे तोच खेळाडू, तीच पोज. मागे जाहिरात कधी पिडमाँट सिगारेटची, कधी स्वीट कॅपोरलची, कधी पोलर बेअर तंबाखूची. एका जाहिरातीत १५० चित्रांची मालिका म्हटलंय, दुसरीत ३५०. म्हणजे छपाई कुठवर आली होती ते पाठ सांगते. मगीची चूक फक्त १५० चित्रांच्या पिडमाँट पाठीवर सापडते. चूक लवकर पकडली गेली, याचा हा छापील पुरावा. न्यूयॉर्कच्या जो डॉइलचंही तसंच. तो अमेरिकन लीगचा गोलंदाज; न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघात लॅरी डॉइल होता, त्याच्याशी गल्लत होऊन जोच्या नावापुढे नॅशनल लीग छापलं गेलं. पुढे ते शब्द काढून टाकले. काढण्याआधीची कार्डं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

या व्यवहारात मला गंमत वाटते ती एवढीच, की नुसत्या चुकीला किंमत नाही. १९५७च्या टॉप्स कंपनीच्या कार्डावर हँक अ‍ॅरन डावखुरा दिसतो, कारण निगेटिव्ह उलटी लागली. जर्सीवरचा ४४ आकडासुद्धा उलटा आहे. पण ती कुणी दुरुस्तच केली नाही. सगळेच अ‍ॅरन डावखुरे, म्हणून त्या कार्डाला भाव आहे तो अ‍ॅरनचा, चुकीचा नाही. १९६९मध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर त्याच्याऐवजी संघाचा बॅटबॉय, बॅटी उचलणारा पोरगा, हसत उभा आहे. तोही तसाच राहिला. चूक दुर्मीळ होते ती कुणीतरी यंत्र थांबवलं तर. त्या थांबवणाऱ्याचं नाव कुठल्याही कार्डावर नसतं, आणि मी भिंगातून शोधत असतो तो खरं तर त्यालाच.

म्हणूनच एकाच कार्डाच्या काही ‘प्रकारां’शी माझं भांडण आहे. १९५७च्या जीन बेकरच्या कार्डामागे आडनावातल्या शेवटच्या ‘आर’चा पाय तुटून ‘पी’ झालाय. १९५८च्या पांचो हेरेराच्या नावातला शेवटचा ‘ए’ गळालाय. काही प्रतींत तो अर्धा दिसतो, म्हणजे बिचारा हळूहळू गेला. ही कुणाची चूक नव्हे, मुद्राराक्षसाचं निव्वळ खाणं. तरी ‘ए’ नसलेला हेरेरा भरमसाट महाग, कारण सूच्यांमध्ये त्याची वेगळी नोंद झाली. संग्राहक सूचीचा गुलाम असतो. मीही आहे.

टॉप्सच्याच १९६२च्या दुसऱ्या मालिकेचं प्रकरण मात्र कबूल. ११० ते १९६ क्रमांकांची काही कार्डं हिरवट झाक मारतात. ती दुसऱ्या छापखान्यात छापली गेली असावीत, असा बहुतेकांचा कयास. शेजारी साधं कार्ड ठेवलं की हिरवं गवत जास्तच हिरवं आणि गोरे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. काहींत तर फोटोच बदललेला. ट्यूबलाइटखाली हा खेळ फसतो. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बसावं लागतं.

पैशाच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. १९५२च्या मिकी मँटलचं एक कार्ड २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. गंमत अशी की ते त्याच मालिकेतल्या इतर बहुतेक कार्डांपेक्षा जास्त छापलं होतं. छपाईच्या मोठ्या कागदावर मँटल दोनदा होता, म्हणून त्याचेही दोन प्रकार. पाठीवरच्या चेंडूची शिवण एकात एका बाजूला वळते, दुसऱ्यात दुसऱ्या. शिल्लक राहिलेले गठ्ठे टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६०मध्ये अटलांटिकमध्ये नेऊन बुडवले, असं ते स्वतः सांगत.

‘टी-२०६’ हे नाव देणारा जेफर्सन बर्डिक या किमतींच्या आधीचा. सांध्यांच्या आजाराने हात आखडत असताना त्याने आपली लाखो कार्डं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि वह्यांमध्ये चिकटवत राहिला. १९६३च्या सुरुवातीला काम संपवलं, काही आठवड्यांत गेला. आजच्या संग्राहकाला कार्डाला डिंक लागल्याच्या कल्पनेनेच घाम फुटेल.

माझ्याकडचं आवडतं कार्ड अगदी स्वस्त आहे. १९७४मध्ये सॅन डिएगोचा पॅड्रेस संघ वॉशिंग्टनला हलणार असं जवळजवळ ठरलं होतं. टॉप्सने घाई करून काही खेळाडूंची कार्डं वॉशिंग्टनच्या नावाने छापली. संघाचं बारसं व्हायचं होतं, म्हणून नुसतंच ‘नॅशनल लीग’ लिहिलं. मग मॅकडॉनल्ड्सच्या रे क्रॉकने संघ विकत घेतला, संघ तिथेच राहिला आणि कार्डं पुन्हा छापावी लागली. विली मक्कोव्ही माझ्याकडे दोन्ही रूपांत आहे. एकात तो अशा संघाचा, जो कधी मैदानात उतरलाच नाही. छापणाऱ्याने बातमी बरोबर दिली होती. बातमीनेच शब्द फिरवला. वॉशिंग्टनला नॅशनल लीगचा संघ मिळाला तो २००५ साली, तोही माँट्रिअलहून आणलेला.