तिसऱ्या जन्माची भूमि

संस्कृतांत दांतास 'द्विज' म्हणतात. ब्राह्मणाप्रमाणें तोही दोनदां जन्मतो. तिसरा जन्म निसर्ग देत नाहीं. तो १९६५ सालीं स्वीडनमध्यें ब्रानेमार्क यांनीं रुग्णाच्या जबड्यांत टायटॅनियमचीं मुळें बसवून दिला. मात्र त्या मुळांस भूमि हवी. दांत काढल्यावर तेथील हाड निरुद्योगी होऊन झिजतें. वर्षभरांत त्याची रुंदी निम्म्यावर येऊं शकते. म्हणून त्या जागीं अस्थिचूर्ण भरतात व त्याच्या आधारानें कांहीं महिन्यांत आपलें नवें हाड वाढतें. आमच्या करवीरांतही आतां हें 'बोन ग्राफ्टिंग' होतें.

हें चूर्ण पुष्कळदां गोवंशाच्या अस्थींपासून केलेलें असतें. न विचारतां तें भरून घेणें, किंवा कळल्यावर उपचारच टाकून जन्मभर पेजेवर राहणें, हीं दोन्ही टोकें आम्हांस अमान्य आहेत. हनुवटीचें किंवा दाढेमागचें स्वतःचेंच हाड घेतां येतें. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटही मिळतें. तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांचा दांत काढण्यापूर्वींच तरुणांनीं डॉक्टरांस विचारावें, "हाड कशाचें वापरणार?" यांत संकोच कसला? आजोबांचें व्रतही राहील आणि भाकरीही चावतां येईल.