वाट दाखवणारा

लहानपणी माझा असा ठाम समज होता की, जगात शोध लावण्याचे काम फक्त साहेबाकडे असते. या समजाला माझे मास्तर जबाबदार नव्हते. जबाबदार होता मुंबईच्या मेट्रो थिएटरातला पडदा. तिथे मी 'किंग सॉलोमन्स माइन्स' पाहिला आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या चाळीत आफ्रिका अवतरली. जिन्याखालची कोळशाची खोली ही हिऱ्यांची खाण झाली आणि शेजारच्या काकूंचे मांजर सिंहीण!

१९५० सालचा तो चित्रपट. स्टुअर्ट ग्रेंजर शिकारी, तर डेबोरा कर हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात निघालेली बाई. मंडळी कॅमेरे घेऊन खरोखरीच आफ्रिकेत गेली होती आणि त्या छायाचित्रणाला ऑस्करही मिळाले. १९५४ साली 'सीक्रेट ऑफ द इंकाज'मध्ये चार्ल्टन हेस्टन असाच पेरूतल्या माचू पिचूच्या अवशेषांत सोन्यासाठी फिरला. देश बदलत, टोप्या बदलत. पण थाट तोच. पुढे साहेब, मागे मडम आणि त्यांच्यामागे डोक्यावर पेट्या घेतलेल्या माणसांची रांग. त्या रांगेतल्या कोणाचे नाव काय, हे विचारावे असे आम्हां पोरांना कधी वाटले नाही.

१९५७च्या दिवाळीच्या सुट्टीत जळगावच्या मामांनी मला अजिंठ्याला नेले. मामा शाळेत ड्रॉइंग शिकवीत. घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो कडा आणि खाली वाहणारी वाघोरा पाहून मी त्यांना विचारले, "मामा, इथला साहेब कोण?"

साहेब होताच! मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ १८१९ च्या एप्रिलात शिकारीला आला आणि त्याला समोरच्या कड्यात दहाव्या लेण्याची कमान दिसली. एका गुराख्याच्या पोराने त्याला तिथवर नेले, असे सांगतात. मामांनी हे सांगायचा अवकाश, मी लगेच स्मिथ झालो. तिथल्या एका रखवालदाराचा मुलगा आमच्याबरोबर चालत होता. माझ्याच वयाचा, अनवाणी. त्याच्या हातात मी फराळाचा डबा दिला आणि म्हटले, "तू हमाल."

तो डबा घेऊन पुढे झाला. थोडे चढल्यावर थांबून म्हणाला, "पण वाट त मी दाखवू राहिलो ना!"

"हमालाने बोलायचे नसते," मी म्हणालो.

मामांनी ते ऐकले. रागावले नाहीत. आम्हां दोघांना घेऊन ते सतराव्या लेण्यात गेले. आत अंधार. रखवालदाराने दारात आरसा धरून उन्हाचा कवडसा भिंतीवर टाकला आणि मामा बोट उचलतात, तोच त्या पोराचे बोट चित्रावर! "हा सिंहल शेठ. याचं जहाज फुटलं. बेटावर पोचला त तिथं राक्षसिणी. बाया होऊन आल्या आन् समद्यांना भुलवलं. हा पांढरा घोडा. याच्या पाठीवर बसून शेठ एकटा वाचला." जहाज, बेट, मोहिनी, पाठलाग, लढाई, सारे भिंतीवर होते. मामा हसून म्हणाले, "बघ, तुझ्या मेट्रोच्या आधी दीड हजार वर्षे इथे चित्रपट लागलेला आहे!"

माझी छाती त्या दिवशी अभिमानाने फुगली. पण वय वाढले तशी त्या भिंतीने मला दुसरीही एक गोष्ट सांगितली. ते बेट म्हणजे सिंहलद्वीप, आजची श्रीलंका. दूरच्या बेटावर राक्षसिणी राहतात, असे आमच्याही चितारीदादांना वाटत होतेच की! लांबच्या मुलुखात एक तर सोने असते, नाहीतर माणसे खाणारी माणसे. साधी, स्वयंपाक करणारी, पोरे सांभाळणारी माणसे तिथे कोणालाच दिसत नाहीत. म्हणून हॉलिवूडवर मी आता फारसा रागावत नाही.

अलीकडे नातवाला घेऊन पुन्हा गेलो. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर स्मिथने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली आहे. ती आज आपल्या डोक्याच्या वर येते. कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात माती-दगडांचा ढीग साचलेला होता. नातवाला ते नाव दाखवले. त्याला वाट दाखवणाऱ्या पोराचे नाव मात्र कुठेच नाही.

आणि मला एकदम आठवले की, माझ्या वाटाड्याचे नाव मीही विचारले नव्हते. हा किस्सा मी आयुष्यभर हसत सांगत आलो, 'तू हमाल' इथपर्यंत. त्याचे उत्तर मात्र नेमके गाळत आलो. डबा त्याने चढणभर वाहिला होता. त्यातला एखादा लाडू मी त्याला दिला होता की नाही, हे कितीही आठवून पाहिले तरी आठवत नाही.