लिहिता हात, घडता माणूस

लेखन आधी लिहिणाऱ्याला घडवते. वाचकाची पाळी नंतर येते. मनात अंधुक असलेला विचार कागदावर नेमका उतरवावा लागतो, आणि उतरत नसेल तर तो अजून नीट समजलेला नाही, हे तिथेच उघडे पडते.

समीक्षक आणि विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) इंटरला नापास झाले, नांदेडला शाळामास्तर झाले, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. त्यांची विद्या गुणपत्रिकेत मावणारी नव्हतीच. ती वाचनातून, व्याख्यानांतून आणि वादांतून धारदार होत गेली. रणजित देसाईंना त्यांनी लिहिलेले दीर्घ पत्र देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरील कादंबरीची प्रस्तावना ठरले. त्यात तोंडदेखली स्तुती नाही. शिवचरित्राची साधने आणि आख्यायिका यांची कसून चिकित्सा आहे. कादंबरीकाराने ती चिकित्सा पुस्तकाच्या दारातच मांडली, हा त्याचाही मोठेपणा.

घराबाहेरचे वाचनही घरच्या लेखनाला बळ देते. लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकाला ओळख करून दिली, आणि दलित साहित्याच्या चर्चेला तुलनेचा एक भक्कम आधार मिळाला.

अनुभव मात्र पायाखालचाच लागतो. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. ‘भीषण दुष्काळ’ या दोन शब्दांत यातले काहीच दिसत नाही. टँकरच्या रांगेत घागर ठेवून भाकरी थापायला घरी गेलेली बाई आणि आपली घागर ओळखू यावी म्हणून तिने कडीला बांधलेली लाल चिंधी लिहिली, तर दुष्काळ दिसतो. विशेषणापेक्षा तपशील बोलका असतो.

नवोदिताने म्हणून रोज थोडे लिहावे, त्याहून अधिक वाचावे. घरात बोलली जाणारी भाषा संवादांतून पुसून टाकू नये. पहिला खर्डा काही दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य बिघडलेले असते. वाहवा करणाऱ्या दहा मित्रांपेक्षा चूक दाखवणारा एक वाचक जपावा. पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्याची घाई टाळावी. कुरुंदकरांचे बहुतेक लेखन नांदेडात राहूनच झाले. तेव्हा गाव लहान आहे, ही सबब लेखकाने सांगू नये.